ओली जखम

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, हे मी आईकडूनच शिकलो. लहानपणी गुडघा फुटला की ती हळद दाबी आणि म्हणे, "झाकू नकोस रे, खपली धरू दे." पुढे मास्तर झालो आणि शाळेतल्या पोरांचे गुडघेही याच शास्त्राने बरे करू लागलो. मॅट्रिकपाशी थांबलेल्या माणसाची शास्त्रावर फार श्रद्धा असते. मात्र ते शास्त्र घरचे हवे!

म्हातारपणी आईच्या पायाला मधुमेहाची जखम झाली. डॉक्टरांनी फोमची पट्टी सुचवली. मी किंमत ऐकली, "स्पंजाच्या तुकड्याला एवढे पैसे?" असे पुटपुटलो आणि साधा गॉज घेऊन घरी आलो. रात्रीतून तो वाळून जखमेला धरे. सकाळी मी तो ओढून काढी. आई खाटेची कड घट्ट पकडी. तोंडातून शब्द काढीत नसे.

तिला जाऊन आता चार वर्षे झाली. परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी मला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे अशा पट्ट्या तपासतात. मला कादंबरीसाठी एक प्रयोगशाळा पाहायची होती, एवढेच निमित्त.

तिने फोमचा पाच सेंटिमीटरचा चौकोन कापला. (शाळेत हिला पट्टीने सरळ रेघ मारता येत नसे!) त्याचे वजन केले. मग त्याच्या चाळीस पट वजनाच्या पाण्यात तो सोडला आणि 37 अंशांच्या, म्हणजे अंगाच्या उबेत, अर्धा तास ठेवला. पाणी साधे नव्हे, लिटरला 8.298 ग्रॅम मीठ आणि चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड. जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यात सोडियम-कॅल्शियम असते, त्याच मापाचे. नंतर चिमट्याने एक कोपरा धरून तुकडा बरोबर तीस सेकंद टांगला. ठिबकायचे ते ठिबकले; उरलेले पुन्हा काट्यावर.

दुसऱ्या टेबलावर धातूचे पेले पालथे होते. त्यांना पॅडिंग्टन कप म्हणतात. तोंडाला पट्टी, आत 20 मिलिलिटर तेच पाणी, आणि कोरड्या उबेत चोवीस तास. पट्टीने किती पाणी धरले आणि पाठीच्या पातळ पडद्यातून किती वाफ बाहेर सोडली, हे वजनातल्या फरकावरून कळते.

"शेवटी पाणी उडवायचेच, तर जखम उघडीच का ठेवू नये?" मी घरचे शास्त्र पुढे केले.

"सर, पाणी उडवायचं, पण ओल ठेवायची. जॉर्ज विंटरने 1962 साली डुकरांवर पाहिलं. पॉलिथिनखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर उघड्या जखमांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी आली. खपलीखालून नव्या कातडीला वाट खणत जावं लागतं."

1962! माझा जन्मही व्हायचा होता.

"आईंची जखम रोज किती पाझरायची हो?" तिने कामाच्या सवयीने विचारले.

"मोजलं नाही," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तिने पुढचा ओला तुकडा चिमट्यात उचलला आणि घड्याळ माझ्या हातात दिले. मी तीस सेकंद मोजले.