मुठीसकट

ठाण्याच्या नौपाड्यात सध्या एकामागून एक जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत. गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांत फाटकाशी माळ्यावरचे सामान उतरवलेले दिसते: पितळी बंब, पाटा-वरवंटा, कडी नसलेल्या ट्रंका. आणि शेजारी काटा घेऊन भंगारवाला. माझ्या आत्याची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा तिच्या माळ्यावरून एक चपटी पेटी निघाली. आत मखमलीच्या खाचांत काळ्या लाकडी मुठींच्या तीन वस्तू होत्या: एक लांब सुरी, दोन दातांचा काटा आणि नळीला स्क्रू बसवलेले एक अनोळखी हत्यार. पेटीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाढायचा चमचा-काट्याचा जोड होता, त्याच्याही मुठी लाकडाच्या.

भंगारवाला म्हणाला, "मुठी तोडून देतो, मग स्टीलचं वजन करू." त्याच्या हिशेबाने सगळ्याचे ४० रुपये होत होते. आत्या माझ्याकडे वळली. "तू वागळे इस्टेटीत जन्मभर स्टीलच तपासलंस ना? मग हे बघ आधी. ह्यांची बोट मार्सेलला लागली होती तेव्हा ह्यांनी घेतलं होतं."

आपल्याकडे भांड्याची किंमत वजनावर ठरते. तांब्या-पितळेची मोड किलोने जाते, आणि तिथे ते बरोबरही आहे. पण वाढायच्या कटलरीला वजनाचा काटा लावला की जे मोलाचे तेच तोडून टाकले जाते. सुरी-काट्यात धातू असतो किती? मोल असते ते कारागिराच्या ठशात, मुठीत आणि संच पुरा असण्यात.

मी भिंग आणि लोहचुंबक घेऊन बसलो. सुरीच्या पात्यावर, मुठीच्या जवळ, झिजलेला ठसा होता. बनवणाऱ्याचे नाव पुसट झाले होते, पण खाली 'थिएर' स्पष्ट वाचता आले. थिएर हे मध्य फ्रान्समधले गाव. फ्रान्समधली बहुतेक कटलरी तिथे बनते आणि ही परंपरा काही शतकांची आहे. द्यूरोल नदीच्या पाण्यावर तिथली धार लावायची चाके फिरत. कारागीर फळीवर पालथे पडून पाती घासत आणि थंडीत ऊब राहावी म्हणून पायांवर कुत्रा बसवत. हातातली सुरी त्या गावची आहे हे कळल्यावर ती खाली ठेववेना.

पात्यावर 'इनॉक्स' हा शिक्का नव्हता. फ्रेंच, इटालियन, स्विस माल गंजरोधक असला की त्यावर बहुधा हा शब्द असतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये तसले पोलाद बनवल्यानंतरच्या काळातला हा शब्द. पण तो तिन्ही देशांत चालतो, म्हणून निव्वळ 'इनॉक्स' दिसले की माल फ्रेंच, असे धरू नये. इथे पाते चुंबकाला घट्ट चिकटले, आणि कडेला लिंबाचा थेंब लावताच तिथे काळसर डाग उमटला. कैरी चिरल्यावर आपल्या जुन्या विळीचे पाते काळे पडते, त्याच जातीचे हे कार्बन पोलाद. ते आजही बनते, त्यामुळे एवढ्यावरून वय ठरत नाही. पण ठसा, पेटी आणि आतोबांच्या बोटीवरच्या नोकरीचा काळ एकमेकांना धरून होते.

मुठीच्या तोंडाशी चकचकीत कडे होते. फ्रेंच चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा देवीच्या डोक्याचा बारीक शिक्का बहुधा असतो. डोक्याशेजारी १ असेल तर हजारात ९५० भाग चांदी, २ असेल तर ८००. भिंगाखाली कितीही फिरवून ते डोके सापडले नाही. म्हणजे बहुधा नुसता मुलामा. मूठही आबनुसाची नव्हती. काट्याचे कडे सैल झाले होते, तिथून आत फिकट तपकिरी लाकूड दिसले. साधे लाकूड काळे रंगवलेले. तिसरे हत्यार मात्र मला फार आवडले. मटणाच्या भाजलेल्या तंगडीचे हाड त्या नळीत घालून स्क्रू आवळायचा, एका हाताने ते धरायचे आणि दुसऱ्या हाताने मांस कापायचे. शाकाहारी घरात ते का आलं असे विचारताच आत्या म्हणाली, "ह्यांना पेटी आवडली असेल, आतलं काय आहे ते विचारलंच नसेल."

वर्तमानपत्रातल्या जोडावर धातूची छोटी माशी होती आणि 'लागिओल' हे नाव. आव्हेरों भागातल्या या गावच्या चाकूंवर माशी असते खरी, पण या नावाची कटलरी चीन-पाकिस्तानातही बनते. मुठीच्या कडेला पातळ थर चिकटवल्याच्या समांतर रेषा होत्या, माशी साच्यात ओतलेली होती. चांगला, वापरायचा जोड. जुना नव्हे, आणि फ्रेंच धाटणीचा असला तरी फ्रेंच नव्हे.

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका अनुभवी दुकानदाराला मी पेटी दाखवली. त्याने प्रथम पेटीच उघडून-मिटून पाहिली, मग मुठींच्या भेगा. पेटीसकट तीन वस्तूंचे २,५०० रुपये द्यायला तो तयार होता. पेटी नसती तर निम्मेही दिले नसते, असे त्याने स्पष्ट सांगितले. जोडाला त्याने हातही लावला नाही. माझा अंदाजही जवळपास तेवढाच होता. इंटरनेटवर अशा संचांना लोक वाटेल त्या किमती लावतात. खरी किंमत म्हणजे विकल्या गेलेल्या वस्तूची किंमत.

आत्याने पेटी विकली नाही. जोड आता तिच्या नव्या घरी कोशिंबीर वाढायला आहे. तिला मी एकच बजावले आहे: पेटीतल्या वस्तू गरम पाण्यात भिजवायच्या नाहीत. जुन्या मुठींमध्ये पोलादाची शेपटी बहुधा राळ आणि विटेच्या भुकटीच्या लुकणाने बसवलेली असते, उष्णतेने ती सुटते. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून अधूनमधून जवसाचे तेल चोळावे. ते हवेत सुकून घट्ट बसते. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, खवट होते.

तुमचेही घर रिकामे होत असेल, तर लाकडी मुठीची कुठलीही वस्तू काट्यावर टाकण्यापूर्वी पात्याचा ठसा वाचा, पेटी शोधा, आणि मूठ कुणालाही तोडू देऊ नका.