तापोळ्याच्या लाँचमधल्या दोन पेट्या

पुस्तकं कधी पाण्यावरून प्रवास करतात का? आमची करतात! २०२३ सालच्या डिसेंबरातला एक शनिवार. तापोळ्याच्या काठावर आम्ही कुडकुडत उभे होतो. मी, चौथीची सहा मुलं, दोन पालक आणि पत्र्याच्या दोन पेट्या. पेट्यांत होती १४० पुस्तकं.

आमची शाळा वाईची. मराठी विश्वकोशाचं काम जिथे चालतं तेच हे कृष्णाकाठचं वाई, तेव्हा पुस्तकांना इथे तोटा नाही. पहाटे निघालो, पसरणीचा घाट चढून पाचगणी, मग महाबळेश्वर आणि तिथून वळणावळणाचा रस्ता उतरून तापोळा. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय इथवर पसरला आहे. पलीकडच्या काही वाड्यांना बाजारहाट असो की दवाखाना, लाँच गाठावी लागते. अशाच एका वाडीतल्या शाळेत आम्ही निघालो होतो.

खरं सांगू? ही आमची दुसरी खेप. २०२२ ची पहिली खेप आठवली, की मला अजून लाज वाटते. ‘घरातली जुनी पुस्तकं आणा’ असं मी वर्गात सांगितलं आणि चार पोती भरली. मी ती न उघडताच पाठवून दिली. आठ दिवसांनी तिथल्या गुरुजींचा फोन आला.

“बाई, राग मानू नका. पण अडीच पोती जुनी गाइडं आणि सोडवलेल्या वह्या निघाल्यात. एक टेलिफोन डिरेक्टरी पण आहे. आता ही रद्दी परत न्यायलाही लाँचच लागणार!”

मग या वेळी नियम केला. जे पुस्तक तुम्ही स्वतः आज पुन्हा आवडीने वाचाल, तेच आणायचं. पुस्तकं कमी आली, पण काय एकेक आली! पहिली-दुसरीसाठी मोठ्या अक्षरांची, चित्रांची वेगळी काढली. ‘किशोर’चे जुने अंक तर ढीगभर. (बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनीही वाचलं असेल.) महाबळेश्वरच्या बाजूचा पाऊस म्हणजे विचारू नका. दमट हवेत पुस्तकांच्या टाचण्या गंजतात आणि पानं सुटतात. म्हणून आम्ही टाचण्या काढून सुईदोऱ्याने पुस्तकं शिवली. फाटकी पानं चिकटवायला मैद्याची खळ केली. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, म्हणून ते काम एका पालकांनीच केलं. मुलांना हात लावू दिला नाही.

लाँच सुटली. पाण्यावर धुकं होतं. सगळी मुलं कठड्याशी, फक्त एकजण पेटीवर बसून राहिला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला,

“बाई, माझं पुस्तक मी परत घेतलं तर चालेल?”

त्याने भा. रा. भागवतांचं ‘फास्टर फेणे’चं पुस्तक दिलं होतं. पहिल्या पानावर आजोबांच्या अक्षरात ‘वाढदिवसाची भेट’ असं लिहिलेलं. आजोबा आता नाहीत. माझ्याच नियमाने पोराला पेचात टाकलं होतं!

“पुस्तक तुझंच आहे. दिलंच पाहिजे, असं मुळीच नाही,” मी म्हटलं. त्याने पेटी उघडली, पुस्तक काढलं आणि काखेत धरलं.

वाडीची शाळा म्हणजे दोन खोल्या, १७ मुलं आणि दोन गुरुजी. पेट्या उचलायला सगळी शाळा खाली पाण्यापर्यंत आली होती. पेट्यांत पुस्तकं कुलूपबंद ठेवायची नाहीत, हे आमचं आधीच ठरलं होतं. वाटेवरचं भिलार तुम्ही ऐकलं असेल. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. कुणीही जावं आणि वाचत बसावं. आम्ही वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली आणि वाळत घातलेल्या कपड्यांसारखी पुस्तकं तिच्यावर टांगली. लहानांची सुतळी खाली, मोठ्यांची वर. पावसाळ्यात तेवढी पेटीत ठेवायची.

मुलं तुटून पडली. पण तिसरीतल्या एका मुलीला नेमकं काखेतलं पुस्तक दिसलं.

“ते कुनाचं?”

“माझं,” तो म्हणाला. “पण बघ पाहिजे तर.”

ती मोठ्याने वाचू लागली. हा शेजारी बसून, “थांब, इथे घाई करू नको,” असं सांगत होता. हळूहळू भोवती पाच-सहाजण जमले. गोष्ट अगदी रंगात आली आणि खालून लाँचवाल्या काकांची हाक आली, “चला, वारं सुटायच्या आत!”

तिने पुस्तक मिटून त्याच्यापुढे धरलं. तो ते घेईना, आणि देऊनही टाकवेना. शेवटी गुरुजींनीच वाट काढली. नोंदवहीत १३९ पुस्तकांपुढे ‘भेट’ लिहिलं, आणि १४० व्या पुढे, ‘उसने. परत देणे : मे.’

मेमध्ये शिवसागराचं पाणी पार खाली जातं. लाँच दूर थांबते आणि चिखल तुडवत जावं लागतं. तशातही गुरुजी वाईला आले तेव्हा पुस्तक घेऊन आले. त्याला खाकी कव्हर घातलं होतं. मागच्या पानावर वाचणाऱ्यांची नावं ओळीने, एकूण अकरा. त्यांच्याखाली दुसरीतल्या दोघांनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आमचा नंबर आला नाही. परत पाठवणे.’

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पुस्तक पुन्हा लाँचमध्ये बसलं. आजोबांच्या अक्षराखाली त्याने स्वतःच पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता, ‘उसने’.