शेजारभाषेची कादंबरी

चेन्नईतील जुन्या वाचकांना वि. स. खांडेकर परके वाटत नाहीत. का. श्री. श्री. यांच्या तमिळ अनुवादांनी ते तेथे घरचेच झाले. म्हणून आवडती कादंबरी कोणती, असे कोणी विचारल्यास मी दोन नावे जोडीने सांगतो: १९७४ चे ज्ञानपीठ लाभलेल्या खांडेकरांची ‘ययाति’ आणि १९७५ चे ज्ञानपीठ लाभलेली, अखिलन यांची ‘चित्तिरप्पावै’. एकीत अतृप्त राजा पुत्राचे तारुण्य मागतो. दुसरीत चित्रकार अण्णामलै धनलोभी जगात कलेचे सत्त्व जपू पाहतो. लोभाला सीमा असते काय, हा प्रश्न दोन्ही विचारतात. वाचकहो, तमिळ वाचकांनी आपला लेखक आपलासा केला. ‘चित्तिरप्पावै’ वाचून ते ऋण थोडे तरी फेडू या.