अडीच फुटी रूळ आणि सात फुटी नाव

वाचकहो, नांदेडहून पनवेलला जाणाऱ्या गाडीने तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. परभणी, परळी करीत गाडी लातूरला येते आणि पुढे धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी अशी पुण्याच्या वाटेला लागते. मुलगा पुण्याला शिकायला असेल, तर डब्यात पिठाची पिशवी आणि शेंगदाण्याची चटणीही असते. पुढच्या खेपेला लातूर सोडल्यावर शेजारी सत्तरी ओलांडलेले कुणी आजोबा बसलेले दिसले, तर त्यांना एवढेच विचारा, "आजोबा, छोटी गाडी आठवते का हो?" पुढची दोन स्टेशने कशी गेली ते तुम्हाला कळणार नाही.

ही छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिच्या दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, एवढ्या तुकड्यावर ती प्रथम धावली. १९०६ साली पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. लातूर ते मिरज हा सगळा पल्ला सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा. लातूरच्या पेठेतला माल तिने नेला, आषाढी-कार्तिकीचे वारकरी तिने नेले. १९५४ साली ती कंपनीकडून सरकारकडे आली.

कॅलथ्रॉपची युक्ती बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला चटकन कळेल. गाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलार होते, पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर येते. भार सारखा वाटला तर तेच बैल जास्त ओझे सुखाने ओढतात. कॅलथ्रॉपने इंजिनापासून मालाच्या वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असे बेतले. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि कमी खर्चात गाडी आडगावांपर्यंत गेली.

पुढे सगळीकडे रूळ रुंद करायचे ठरले. एकेकाळी आपल्या मराठवाड्यात तीन रुंदींचे रूळ होते, आणि जिथे रुंदी बदलेल तिथे माल उतरवा, पुन्हा भरा, असा खटाटोप असे. तो थांबायलाच हवा होता. २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग रुंद झाला. जुनी गाडी धाराशिव शहराला बाजूला ठेवून जायची, नवे रूळ त्या शहरातून गेले. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली ती याच वाटेने. १२ एप्रिलला पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. असे ओझे अडीच फुटी रुळांच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा रुंद रुळांबद्दल तक्रार नाही. मनाला लागते ते एवढेच, की सव्वातीनशे किलोमीटरांतला पाच-दहा किलोमीटरांचा तुकडासुद्धा चालता राहिला नाही. नातवाला बोट धरून नेऊन, "बघ, अशी होती आमची गाडी," असे म्हणायला जागा उरली नाही.

असा तुकडा राखता येतो का? आणि राखायचा कुणी? याचे उत्तर कॅलथ्रॉपच्याच देशात सापडते, आणि तेही गाडीच्या नव्हे, नावेच्या गोष्टीत.

कालवा म्हटला की आपल्याला पाटाचे पाणी, पाळी, रात्रीचे भरणे आठवते. मांजरा धरणाचा असो की विष्णुपुरीचा, आपला कालवा पिकासाठी. इंग्लंडात पाऊस बारमाही. तिथे अठराव्या शतकात कालवे खणले ते माल वाहण्यासाठी. कच्च्या रस्त्यावर एक घोडा गाडीतून टनभर माल कसाबसा ओढतो. तोच घोडा काठावरून चालत, दोराने ओढत, पाण्यावरच्या नावेतून पंचवीस टन नेतो. कोळसा, माती, धान्य, लोखंड सारे असेच जाऊ लागले. मधे चढ आला तर काय? तिथे हौदासारखे बांधकाम, दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे. नाव आत घ्यायची, खालचे दरवाजे लावायचे, वरचे पाणी आत सोडायचे. हौद भरतो तशी नाव वर येते, मग वरचे दरवाजे उघडून पुढे जाते. याला लॉक म्हणतात. लॉकची रुंदी सात फुटांच्या जेमतेम वर, म्हणून नावही सात फुटी रुंद आणि लांबीला सत्तर फूट. मागच्या टोकाला आठ-दहा फुटांची खोली, आणि त्या खोलीत नावाड्याचे सगळे बिऱ्हाड. चूल तिथेच, पाळणा तिथेच. पोळ्याला आपण बैलांची शिंगे रंगवतो, तशी ही माणसे नावेच्या दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवीत.

मग आगगाडी आली, त्यामागून मोटारी आल्या. नावांचा धंदा बसत गेला. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारकडे गेले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला व्यापारही मोडला. कालव्यांत गाळ, लॉकचे दरवाजे कुजलेले, काठावर झाडोरा. आपल्या पडक्या बारवांसारखीच अवस्था.

पण त्याआधीच काही माणसे उठली होती. टॉम रोल्ट नावाचा एक इंजिनिअर १९३९ साली पत्नीसह क्रेसी नावाच्या जुन्या नावेत राहायला गेला आणि कालव्यांतून फिरला. त्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १९४४ साली निघाले. लोकांना वाटले, अरे, हे आपलेच आहे, आणि आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे. १९४६ साली कालवे राखण्यासाठी मंडळ स्थापन झाले.

मंडळे आपल्याकडेही निघतात. फरक पडला तो फावड्याने. स्ट्रॅटफर्डच्या कालव्याची गोष्ट ऐका. १९५८ साली तिथल्या कौंटीने, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, हा कालवा कायमचा बंद करायची परवानगी मागितली. तीन वर्षांत इथून कुणी नाव नेलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा दोघा हौशी वल्हवणाऱ्यांची १९५७ सालची पावती पुढे आली. लहानशा होडीतून ते या कालव्यातून गेले होते आणि त्याचा कर त्यांनी भरला होता. वापर चालू आहे याचा तो कागदी पुरावा! कालवा वाचला. मग १९६१ ते १९६४ या काळात सुट्टीच्या दिवशी येणारे स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदीसुद्धा चिखलात उतरले. तेरा मैलांतला गाळ काढला, छत्तीस लॉक दुरुस्त झाले. ११ जुलै १९६४ रोजी तो कालवा पुन्हा खुला झाला.

कालवे वाचले, पण नावा? प्रेसिडेंट नावाची एक नाव आहे. १९०९ साली बर्मिंगहॅममध्ये बांधलेली, वाफेवर चालणारी. इंजिन आणि बॉयलरने जागा खाल्ल्यामुळे तिच्यात माल कमी मावे, म्हणून ती मागे दुसरी नाव जोडून ओढी. १९२५ साली तिचे वाफेचे इंजिन काढून तेलाचे बसवले. पुढे ती मोडकळीला आली. १९७३ साली दोघांनी ती घेतली, खटपट करून पुन्हा वाफेचे इंजिन बसवले. १९८३ पासून ती एका संग्रहालयाच्या मालकीची आहे. पण संग्रहालयाने ती दालनात नेऊन ठेवली नाही. 'प्रेसिडेंटचे मित्र' अशा अर्थाच्या नावाची स्वयंसेवकांची संस्था तिची निगा राखते. नोकरीधंदा सांभाळून ही माणसे येतात. नाव फेरीला निघायची तर तासन्‌तास आधी भट्टी पेटवावी लागते. एकजण इंजिनाशी, एकजण सुकाणूशी, मागच्या नावेवर आणखी कुणी, आणि लॉक आले की हातात लोखंडी दांडा घेऊन काठावर उडी मारणारे निराळे. परत आल्यावर राख काढा, पितळ घासा, बाहेरून काळा रंग चढवा. बॉयलरची तपासणी दरवर्षी ठरलेलीच. पगार कुणालाच नाही.

एवढा आटापिटा कशाला, नाव शेडमध्ये ठेवली तर नाही का टिकणार? नाही टिकणार. अशा जुन्या नावांचे तळ एल्म नावाच्या झाडाच्या जाड फळ्यांचे असत. हे लाकूड पाण्यात भिजलेले असले की वर्षानुवर्षे टिकते. उन्हावाऱ्यात कोरडे पडले की आकसते, फाटते. आपल्याला हे नवे नाही. लाकडी चाक सुकून धाव सैल झाली की आपण ते ओढ्यात भिजत घालतोच ना! आणि लाकडाचे जे, तेच हुन्नराचे. कोळसा कसा टाकावा, पाणी किती ठेवावे, सत्तर फूट नाव वळणावर कशी फिरवावी, हे पुस्तकात पाहून येत नाही. जुन्या हाताने नव्या हाताला शिकवले तरच पुढे जाते. नाव चालती राहिली म्हणून शिकणारे येत राहिले.

याच रोल्टने वेल्समधली टॅलिलिन नावाची बंद पडू लागलेली लहान आगगाडीही वाचवली. तिचे रूळ सव्वादोन फुटी, म्हणजे आपल्या लातूरच्या गाडीपेक्षाही अरुंद. १९५१ पासून स्वयंसेवक ती चालवतात. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ही पहिली आगगाडी. उलट कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडात अडीच फुटीच एक लहान गाडी बांधली, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, १९०४ साली. ती १९३४ साली बंद पडली. तेव्हा वाचवायला कुणी उभे राहिले नाही. आज तिथे पायवाट आहे. देश तोच, माणसेही तशीच. एक गाडी राहिली, एक गेली.

आता आपल्याकडे वळू. छोटी गाडी परत येणार नाही. पण तिच्यावर काम केलेली माणसे लातूर, बार्शी, कुर्डुवाडीकडे अजून आहेत. गोदाकाठच्या गावांत पूल होण्याआधी तरीवर माणसे उतरवणारी घराणी आहेत. मोट हाकणारे आहेत, लाकडी चाक भरणारे सुतार आहेत. बारवा तर गावोगावी आहेत, आणि अलीकडे राज्यात ठिकठिकाणी तरुण मुले सुट्टीच्या दिवशी त्यांतला गाळ काढू लागली आहेत. त्यांच्यासाठी इंग्लंडच्या नावाड्यांकडून एवढेच घेण्यासारखे आहे, की साफ केलेली बारव पुन्हा वापरात आणा. पाणी पिण्याजोगे नसेल तर झाडांना घाला, जनावरांना पाजा. नुसती झाडून ठेवलेली बारव दोन पावसाळ्यांत पुन्हा भरते.

आणि घरच्या पेटीत छोट्या गाडीचे तिकीट, मालाची पावती, तरीचा दाखला असे काही निघाले, तर बंबात घालू नका. एका होडीच्या पावतीने तेरा मैलांचा कालवा वाचला होता. येत्या सुट्टीत घरातल्या शाळकरी पोराच्या हाती वही द्या आणि त्याला आजोबांजवळ बसवा. गाडीची शिट्टी कशी वाजे, चढाला गाडी कशी धापा टाकी, लातूरहून पंढरपूरला जायला किती वेळ लागे, सगळे लिहून घेऊ द्या. आजोबा आहेत तोवरच हे काम होईल.