दादा बिझी आहे!

एक कबुली देऊन टाकते. दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या संस्थांवर मी आजवर जेवढं लिहिलं, त्या प्रत्येक लेखात 'प्रेरणादायी' हा शब्द किमान तीनदा आहे. माझा फंडाच ठरलेला होता. एक हसरा फोटो, एक हळवं वाक्य आणि शेवटी सलाम! मग मागच्या वर्षी पारगावहून मामीचा फोन आला आणि सगळा फंडा कोलमडला.

आमचं पारगाव आंबेगाव तालुक्यातलं. भीमाशंकर साखर कारखान्याचं गाव, म्हणजे जिकडे तिकडे ऊस. उसात बिबटे. आणि शेतपंपाची लाइट बऱ्याचदा रात्रीचीच. माझा मामेभाऊ, वय वर्षं 31, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही.

''रातचं दारं धरायला जातो गं तो. मागून कुणी आरडलं तरी याला कळायचं नाही. माझा डोळ्याला डोळा लागत नाही,'' मामी म्हणाली. ''पेपरात एवढं छापतीस, आपल्या दादाचं काय तरी बघ की!''

झालं. आता स्टोरी घरातलीच होती.

उदाहरणं तर मला तोंडपाठ होती. मुंबईत ध्रुव लाकरा या तरुणाला बसमध्ये शेजारी एक मुलगा भेटला, पार बावरलेला. बोलायला गेल्यावर कळलं, त्याला ऐकूच येत नाही. कुठे उतरायचं, हेही तो कुणाला विचारू शकत नव्हता. त्यातून 2009च्या सुमारास 'मिरॅकल कुरिअर्स' उभी राहिली. पाकिटं वेगळी करणारे आणि घरोघर पोचवणारे, सगळे कर्णबधिर. कुरिअरच का? कारण पत्ता वाचायला डोळे लागतात, कान नाही. आणि निरोप द्यायला एसएमएस आहेच की! म्हणजे इथे माणसं 'दुरुस्त' केली नव्हती, काम माणसांना जुळेल असं निवडलं होतं.

हे सगळं मी लिहिलं होतं बरं का. पण कळलं मात्र नव्हतं.

पुण्यात एका प्रशिक्षण केंद्रात मी दादाला घेऊन गेले. मॅडमनी हातवारे करत त्याला काहीतरी विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. मी लगेच, ''तो सातवी शिकलाय.'' दुसरा प्रश्न. मी, ''त्याला काहीही चालेल.'' तिसऱ्या प्रश्नाला मॅडम शांतपणे म्हणाल्या, ''नोकरी तुम्हाला हवीय की त्यांना?'' आणि त्यांनी एक कागद दादापुढे सरकवला. दादानं जोर देऊन लिहिलं, 'स्वयंपाक.'

मी चाट! एकतीस वर्षांत हे त्याला आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

केंद्रात कांदा चिरणं वगैरे नंतर आलं. आधी आली भाषा. कारण दादाकडे होत्या फक्त घरातल्या खुणा. जेवण, पाणी, बैल, बिबट्या. त्या खुणांमध्ये 'पगार' नव्हता, 'सुट्टी' नव्हती, 'मला हे पटत नाही' तर नव्हतंच! भारतीय सांकेतिक भाषेच्या अधिकृत शब्दकोशात 2021 मध्ये दहा हजार शब्द झाले होते. आणि आमचा दादा बोटांवर मोजण्याइतक्या खुणांवर एकतिशीला पोचला होता. काम न येणं हा त्याचा प्रॉब्लेम कधीच नव्हता.

सहा महिन्यांनी एका कॅण्टीनच्या किचनमध्ये तो लागला. दुसऱ्याच आठवड्यात उशीर झाला म्हणून सुपरवायझरनं त्याला झापलं. मामीचा व्हिडिओ कॉलवर जीव कासावीस. मी तावातावानं सुपरवायझरला फोन लावायला घेतला. दादानं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि एकच खूण केली. माझं मी बघतो. दुसऱ्या दिवशी त्यानं आधीची बस पकडली. विषय संपला.

तेव्हा मला आनंदवन आठवलं. 1949 मध्ये बाबा आमट्यांनी ते सुरू केलं. तिथल्या कुष्ठरुग्णांनी भाजी पिकवून दाखवली, तरी सुरुवातीला वरोऱ्यातले लोक ती घ्यायला कचरत होते. म्हणजे पिकवणारे तयार होते, घेणाऱ्यांचं ट्रेनिंग बाकी होतं. माझंही तेच झालं होतं.

आणि तुमचं? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेला, अगदी खासगी कंपनीलाही, समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या ऑफिसचं कधी वाचलंय? सोमवारी एचआरला सहज विचारून बघा. आणि पुढच्या वेळी एखाद्या हॉटेलात कर्णबधिर मुलगा ऑर्डर घ्यायला आला, तर कौतुकानं टाळ्या नका वाजवू. वरणात मीठ कमी असेल तर तसं सांगा. तो कामावर आहे, स्टेजवर नाही.

पारगावात आता रात्रीचं दारं मामा धरतो. मामीची झोप अजून पुरती परतलेली नाही. पण निदान एक काळजी मिटलीय.

परवा दुपारी मी दादाला व्हिडिओ कॉल केला. कट झाला. परत केला. परत कट! मग मेसेज आला, 'डूटी. नंतर.'

ज्याला आम्ही कायम रिकामाच समजत आलो, तो आमचा दादा आयुष्यात पहिल्यांदा बिझी होता.