थर्मोपिलीचे सातशे

मुलांनो, नकाशात ग्रीस शोधा. अथेन्सच्या वायव्येला, रस्त्याने साधारण २०० किलोमीटरवर, थर्मोपिली आहे. नावाचा अर्थ ‘गरम दरवाजे’! डोंगराच्या पायथ्याशी गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत. पाणी छान कढत, पण वास असा की नाक धरावं.

दरवाजा मात्र आता दिसत नाही. एकीकडे डोंगर, दुसरीकडे सपाट जमीन, मधून मोठा रस्ता. मग मूठभर लोकांनी इथे प्रचंड सैन्य अडवलं कसं? ही करामत स्पेर्खिओस नदीची. तिने अडीच हजार वर्षं गाळ आणून ओतला आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला. इ.स.पूर्व ४८० मध्ये समुद्र डोंगराला अगदी खेटून होता. वाट काही ठिकाणी एक गाडी जेमतेम जाईल एवढीच!

त्या वाटेने इराणचा बादशहा झर्क्सिस चालून आला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्याचं सैन्य कितीतरी लाखांचं सांगतो. आजच्या अभ्यासकांना ते पटत नाही, तरी फौज अफाटच होती. सुती कपडे घातलेले हिंदी धनुर्धारीही त्याच्या सैन्यात होते, बरं का!

समोर स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि सुमारे ७००० ग्रीक. दोन दिवस त्यांनी खिंड लढवली. मग एफियाल्टिस नावाच्या माणसाने शत्रूला डोंगरातली आडवाट दाखवली. आपण वेढले जाणार हे कळताच लिओनिडासने बहुतेकांना परत पाठवलं आणि तो ३०० स्पार्टन वीरांसह थांबला.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण थेस्पिए या छोट्या नगराचे ७०० जणही थांबले होते, ते कुणी सांगत नाही! स्पार्टाच्या मुलांना सात वर्षांपासून लढाईचंच शिक्षण. हे थेस्पिएचे लोक मात्र एरवी आपापली कामं करणारे नागरिक. जायची मोकळीक असूनही गेले नाहीत, सगळे तिथेच पडले. (थीब्जचे ४०० होते, पण ते शेवटी शरण गेले, असं हेरोडोटस म्हणतो.) पुढे इराण्यांनी थेस्पिए जाळलं. तरी पुढच्या वर्षी प्लाटियाच्या लढाईला तिथले १८०० जण आलेच, तेही जड चिलखतांशिवाय.

हेरोडोटस लिहितो, की तीनशेही स्पार्टनांची नावं त्याने माहीत करून घेतली होती. सातशेंपैकी त्याने नावं दिली दोनच : त्यांचा सेनापती डेमोफिलस आणि सर्वांत शूर ठरलेला डिथिरॅम्बस.

शेवटची झुंज झाली ती कोलोनोस टेकडी रस्त्याच्या कडेलाच आहे. १९३९ मध्ये मारिनाटोस यांना उत्खननात तिथे बाणांची ढीगभर टोकं सापडली. समोर भाला उगारलेला लिओनिडासचा पुतळा आहे, १९५५ सालचा. थेस्पिएकरांचं स्मारक शेजारीच, पण ते उभं राहायला १९९७ साल उजाडलं. तो पंख असलेल्या पुरुषाचा पुतळा आहे. एक पंख मोडलेला, आणि त्याला डोकं नाही.