जुन्या जंगलातले सुतार

सुतार पक्षी आपल्याला नवा नाही. परसातल्या नारळावर सोनेरी पाठीचा सुतार आरडाओरडा करीत सरसर चढताना तुम्ही पाहिला असेल. पिवळ्या डोक्याच्या एका सुताराला तर शास्त्रज्ञांनी 'मराठा' हेच नाव दिलं आहे! पण सुतारांचं अख्खं खटलं एका जंगलात नांदताना बघायचं असेल, तर पोलंडच्या पूर्व टोकाला, ब्यावोव्येझाच्या अरण्यात जायला हवं.

हल्ली कितीजणींच्या लेकी-सुना, मुलं, जावई युरोपात नोकरीला असतात. आईवडिलांना बोलावून घेतात, पॅरिस नि स्वित्झर्लंड दाखवतात. पुढच्या खेपेला त्यांच्याकडून चार दिवस या जंगलासाठी मागून घ्या. कोल्हापूरच्या वाचकांना तर पोलंड अगदीच परका वाटू नये. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच होती.

वॉर्सापासून हे जंगल साधारण अडीचशे किलोमीटर. हायनूव्का या छोट्या शहरातून पुढे जंगलाच्याच नावाच्या गावी जायचं. तिथे घरगुती खानावळी नि राहायच्या खोल्या मिळतात. जंगलाचा अर्ध्याहून अधिक भाग बेलारूसमध्ये आहे. सरहद्दीवर २०२२ साली पोलादी कुंपण उभं राहिलं, तेव्हा कोणता भाग पाहुण्यांना खुला आहे ते निघण्याआधी विचारून घ्यावं. राष्ट्रीय उद्यानाच्या राखीव गाभ्यात परवानाधारक वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. त्याचे पैसे जरूर मोजा, कारण घरट्यांची झाडं त्याला पाठ असतात.

जायचं ते मार्चअखेर किंवा एप्रिलात. पानं फुटलेली नसतात, त्यामुळे पक्षी दिसतो. आणि हेच त्यांचे ठोकायचे दिवस. ही ठोकाठोक भोक पाडण्यासाठी नसते बरं का! ‘ही जागा माझी आहे’ असं सांगायची ती दवंडी. म्हणून डोळ्यांआधी कान लावा. थोरल्या ठिपकेदार सुताराचा ताशा तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत संपतो. काळ्या सुताराचा दोन-तीन सेकंद चालतो आणि सगळं रान दणाणतं. पांढऱ्या पाठीच्या सुताराची गंमत निराळी. स्टीलची वाटी ओट्यावर पडली की आधी सावकाश आणि मग भराभर थरथरत शांत होते ना? अगदी तसा त्याचा ठेका. एकदा ऐकलात की विसरणार नाही.

दिसायला मात्र या काळ्यापांढऱ्या मंडळींत गोंधळ फार. जुळ्या जावा ओळखाव्यात तशी बारकाईने नजर हवी. थोरल्याच्या खांद्यावर पांढरा मोठा ठिपका, शेपटीखाली कुंकवासारखा लाल रंग, आणि नर असेल तर मानेमागे लाल टिकली. मधल्याचा सगळा माथा लाल, शेपटीखाली मात्र फिकट गुलाबी. तो फारसा ठोकत नाही, नाकातून रडवेल्या सुरात ओरडतो. जूनमध्ये थोरल्याच्या पिलांचाही माथा लाल असतो आणि भलेभले फसतात. पिलाच्या लाल टोपीला काळी किनार असते, मधल्याच्या टोपीला नाही, एवढं ध्यानात ठेवा. धाकटा तर चिमणीएवढा! त्याच्या पाठीवर आडवे पट्टे, शेपटीखाली लाल अजिबात नाही. पांढऱ्या पाठीचा या सगळ्यांत मोठा, त्याच्या खांद्यावर ठिपका नसतो, आणि उडाला की कमरेवरचा पांढरा भाग चमकतो. गावातल्या फळबागांत आणखी एक भाऊबंद भेटेल, सीरियाच्या नावाचा. तो विसाव्या शतकात आग्नेयेकडून युरोपभर पसरत आला. थोरल्याच्या गालावरची काळी रेघ मानेपर्यंत जाऊन भिडते, याची भिडत नाही.

आता तीनबोटी. बहुतेक सुतारांना चार बोटं, याला तीनच. अंगावर लाल रंगाचा ठिपकाही नाही. नराच्या माथ्यावर हळद लावल्यासारखा पिवळा डाग. हा स्वभावाने गरीब आणि मुका, वाळलेल्या स्प्रूसच्या खोडावर तासन् तास साल सोलत बसतो. सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या हेच त्याचं जेवण.

आणि इथेच त्या जंगलाचं दुखणं आहे. २०१२ नंतर या भुंगेऱ्याने स्प्रूसची झाडं सपाट्याने वाळवायला सुरुवात केली. मार्च २०१६ मध्ये पोलंडच्या पर्यावरण खात्याने एका वनविभागातल्या तोडीची मर्यादा जवळजवळ तिप्पट वाढवली. कीड लागलेलं काढलं नाही तर सगळंच जाईल, असं त्यांचं म्हणणं. आपल्यालाही ते पटकन पटतं. किडका दाणा निवडून टाकायचा, वाळकं लाकूड बंबात घालायचं, हे आपल्या हाताला लागलेलं वळण. गावकऱ्यांची चूलही त्या लाकडावर, त्यांचा राग खोटा म्हणता येणार नाही. पण शास्त्रज्ञ म्हणाले, हे मेलेलं झाडच इथल्या निम्म्या संसाराचं घर आहे. पांढऱ्या पाठीचा आणि तीनबोटी दोघेही पडझडीवर जगतात; खोडं उचलली की तेही गेले. स्वीडनमध्ये जंगलं ‘नीटनेटकी’ केली, तिथे पांढऱ्या पाठीचा सुतार नामशेष व्हायच्या बेतात आला आहे. २०१७ मध्ये तरुण मुलं-मुली तोडीच्या यंत्रांना स्वतःला साखळीने बांधून घेत होती. त्याच जुलैत युरोपीय न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं आणि १७ एप्रिल २०१८ रोजी ती बेकायदा ठरवली. मला विचाराल तर न्यायालयाचं बरोबर होतं. वाळलेल्या स्प्रूसखाली उभ्या राहून तुम्हीच वर पाहा, सोललेल्या सालीखाली खोड नारिंगी दिसत असतं. तीनबोटी तिथेच जेवून गेलेला असतो.

काळा सुतार ओळखायला पुस्तक लागत नाही. कावळ्याएवढा, डोळा पांढरट, नराचा पूर्ण माथा लाल, मादीचा फक्त मागचा भाग. त्याने कोरलेली मोठी भोकं नंतर पारव्यासारख्या रानकबुतरांना नि लहान घुबडांना आयती मिळतात. हिरवा आणि करड्या डोक्याचा हे दोघे बहुधा जमिनीवर मुंग्यांच्या मागे असतात. हिरवा खदाखदा हसतो, करड्या डोक्याचा उतरत्या शिळा घालतो.

कपड्यांचं सांगते. पहाटे कडाक्याची थंडी असते, तेव्हा साडीचा हट्ट नको. सलवार किंवा पँट, पायमोजे वर ओढून त्यात खोचलेले, कारण गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूचा ताप व इतर आजार होतात. निघण्याआधी डॉक्टरांना लशीबद्दल विचारा, आणि संध्याकाळी एकमेकींची मान, काखा, गुडघ्यामागचा भाग नीट तपासा. दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी पुरे. सोबत दशम्या आणि थर्मासात चहा असला की दोन तास एका झाडाखाली बसवतं.

एप्रिल सरता सरता मानमोडी येते. ही सुतारांच्याच कुळातली, पण ठोकत नाही की कोरत नाही, दुसऱ्याच्या पोकळीत बिऱ्हाड करते. धरली तर सापासारखी मान फिरवते, म्हणून हे नाव. पोलंडातल्या मानमोड्या थंडीत आफ्रिकेकडे जातात, आशियातल्या कितीतरी आपल्याकडे उतरतात. डिसेंबरात शेताच्या बांधावर, बाभळीखाली, मुंग्या टिपणारा सालीच्या रंगाचा पक्षी दिसला, तर जरा थांबून त्याची मान पाहा.